येरळवाडीची मोजणी

पोवई नाक्यावर पावणेपाचला जीप.
बर्गे सरांनी हजेरी घेतली, शाळेतल्यासारखी:
सात जण, तीन दुर्बिणी, एक टेलिस्कोप
आणि नदाफ वहिनींचा थर्मास,
ज्यात चहा कमी, आलं जास्त.
मी नोंदवही.
गेली नऊ वर्षं मीच नोंदवही,
अक्षर बरं आहे म्हणून.

पुसेगावला यात्रेचे पाळणे
अंधारात सुटे करून ठेवलेले.
वडूजला एकच टपरी उघडी. टपरीवाला म्हणाला,
कोण गेलं का? इतक्या पहाटे,
इतके सगळे, असे गप्प.

तलाव दिसायच्या आधी ऐकू आला.
गळ्यातल्या गळ्यात बोलणं चाललेलं,
लग्नघरात बायका आधी उठतात
आणि बाकीचे अजून झोपलेले असतात, तसं.
धुकं येरळेवरून उठायला तयार नव्हतं.
सर कुजबुजले, पट्टकादंब.

टेलिस्कोपपुढे रांग लागली, रेशनची.
दिसलं? दिसलं. दिसलं? अहाहा, दिसलं.
माझी पाळी आली की मला
माझ्याच पापण्या दिसतात,
काळ्या, जाड, काठावरच्या लव्हाळ्यासारख्या.
त्यांच्यामागे एक उजळ गोल, त्यात काही नाही.
नऊ वर्षं मी म्हणत आले, दिसलं.
नऊ वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांतून
माझ्या अक्षरात उतरत आले
थापट्या एकशे बारा, चक्रवाक सोळा,
शेकाटे, पाय मोजून भागिले दोन
(वहिनींचा विनोद, दर वर्षी),
तुतवार, कोणता ते नक्की नाही,
पुढे प्रश्नचिन्ह.

कादंबांवरून मात्र वाद झाला.
सर म्हणाले दोनशे चौदा.
शेडग्यांचा मुलगा म्हणाला दोनशे सतरा,
त्याच्याकडे फोटो होता, फोटोत ठिपके,
ठिपक्यांवर तो नखानं खुणा करत बसला.
मी पेन हवेत धरून उभी.
मला खाडाखोड आवडत नाही.

तेवढ्यात बांधावरून
मेंढरांमागं मदन्यांचा बिरू आला,
कानाला टॉवेल, कमरेला गोफण.
आमच्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं.
'कशापायी मोजताय?'
सरांनी सांगितलं. मंगोलिया, हिमालय,
सात हजार मीटर, विरळ हवा.
हात पसरून दाखवले, शालीसकट.
बिरूनं सगळं ऐकून घेतलं.
'व्हय. रातच्याला आमच्या हरभऱ्यात असत्यात.
आजा म्हणतुय हाकलू नगं,
शेंडा खुडला की फुटवा चांगला येतुय.'
आणि मग, मेंढराला हाड करता करता,
'दोनशे इस हायती. एक लंगडतंय.'

सात माना एकदम पाण्याकडे.
लंगडं कुठलं, सगळी तर पोहताहेत.

कुठूनतरी एक भोवत्या आला, खालून, सावकाश,
आणि अख्खा तलाव उठला.
आमच्या डोक्यावरून गेला तो,
इतका खालून की पंखांची करकर ऐकू आली,
नव्या चपलांसारखी.
कुणाला दुर्बीण सापडेना,
कुणाच्या दुर्बिणीचं झाकण निघेना.
मी वर बघत होते, नुसती.
सगळ्यांचे पाय पोटाशी घेतलेले,
एकाचा खाली लोंबत होता,
शिवण उसवलेल्या बाहीसारखा.

मला कुणी विचारलं नाही, दिसलं का.

रकान्यात लिहिलं, दोनशे वीस.
शेऱ्यात, मोजणारा: बिरू मदने.
सर वाचून काही बोलले नाहीत,
चष्मा मात्र दोनदा पुसला.

नंतर बिरूनं शेत दाखवलं.
खुडलेले शेंडे, हिरवट विष्ठा,
दवात उमटलेले तीन बोटांचे पाय.
परतताना सगळे पेंगत होते,
वहिनी शेडग्यांच्या मुलाच्या खांद्यावर.
माझ्या ओढणीला हरभऱ्याची आंब लागलेली.
कुणाचं लक्ष नाही असं बघून
मी पदर जिभेला लावला.